मोहाच्या दिवसांत रेवाच्या आजोळी

यवतमाळ जिल्ह्यात चाललेय म्हटल्यावर आमच्या सोसायटीतल्या बायकांनी एकमुखाने विचारलं, "मार्चमध्ये?" मार्चअखेरीला पुण्याहून विदर्भात जाणारा माणूस एकतर बदली झालेला सरकारी नोकर असतो, नाहीतर त्याचं डोकं फिरलेलं असतं, असं त्यांचं मत पडलं.

माझं कारण तिसरंच होतं. रेवाची तिसरीची परीक्षा संपली होती आणि चौथीचा वर्ग एप्रिल उजाडताच सुरू होणार होता. या मधल्या दिवसांत आमच्याकडे मुलांना स्केटिंगच्या नाहीतर बुद्धिबळाच्या शिबिरात घालतात. रेवाने मात्र जेवताना जाहीर केलं, "मला मामाकडे जायचंय. तनू म्हणते आता मोहाची फुलं पडतात." तनू म्हणजे तिची मामेबहीण, बारा वर्षांची. माझा नवरा नितीन हिशेब खात्यात आहे, मार्चमध्ये तो घरी फक्त झोपायला येतो. लॅपटॉपवरून मान न उचलता तो म्हणाला, "तू ने ना तिला. काही होत नाही." ज्यांना जायचं नसतं त्यांना काहीच होत नसतं.

इतकं सोपं नव्हतं ते. रेवा नितीनच्या पहिल्या बायकोची मुलगी. माधुरी आजारपणात गेली तेव्हा रेवा चार वर्षांची होती. मी या घरात आले दोन वर्षांपूर्वी. रेवा मला मावशी म्हणते आणि आमचं चांगलं जमतं, भांडणांसकट. पण हे आजोळ म्हणजे माधुरीचं माहेर. लग्नानंतर त्या लोकांशी फोनवर बोलले होते, समोरासमोर कधीच नाही. तिथे मी कोण म्हणून जायचं?

शिवाय मी जात्याच भित्री. सख्खी आई "झाडावर चढू नको" म्हणाली की ती काळजी. मी म्हटलं की जाच. बरं, चढ म्हणावं आणि पोरगी पडली तर "सावत्रच ती, तिला काय त्याचं" हे ठरलेलंच. म्हणजे हो म्हटलं तरी मार आणि नाही म्हटलं तरी मार. पोरीला मनसोक्त हुंदडू द्यायचं, धडधाकट परत आणायचं आणि कुणाच्या तोंडी सापडायचं नाही, असा अवघड बेत करून मी बॅग भरली. निम्मी बॅग औषधांची झाली.

पांढरकवडा ते घर

प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. रात्रभर बसमध्ये अंग आंबलं, इतकंच. पांढरकवड्याच्या स्टँडवर सुधाकरमामा मोटारसायकल घेऊन उभे होते. उंच, सावळे आणि बोलायला कंजूस. बॅग त्यांनी टाकीवर ठेवली, मग रेवाकडे बघून मला विचारलं, "हिले मधात बसवू का? तुम्ही म्हणान तसं."

हे "तुम्ही म्हणान तसं" पुढे मला पुरून उरलं.

गाव केळापूरच्या पलीकडे, आतल्या रस्त्याला. पळस संपत आला होता, पण एखादं झाड अजून भडक केशरी उभं होतं, अंगावर एक पान नाही. शेतं रिकामी. कापूस वेचून झालेला, पऱ्हाट्या उपटून बांधावर ढीग घातलेले, तूर निघून गेलेली, काळ्या जमिनीला भेगा. माझ्या माहेरी साताऱ्याकडे या दिवसांत ऊस उभा असतो, कुठेतरी हिरवं दिसतंच. इथे खाली सगळं तपकिरी आणि फुलं वर झाडांना. हा वसंत कुंडीतला नाही, हे पहिल्या अर्ध्या तासात कळलं. रस्त्यात खुनी नदी लागली. पात्रात दगडच जास्त.

"मामा, हिला खुनी का म्हणतात? कुणाचा खून झाला?" रेवाने मागून विचारलं.

"मले काय मालूम बेटा," मामा म्हणाले. "म्या नाही केला."

घरी पोचलो तर अंगणात एकच प्लास्टिकची खुर्ची मांडलेली, तीही शेजारून आणलेली. ती माझ्यासाठी. बाकी सगळे खाली किंवा बाजेवर. रेवाला तिच्या आजीने दारातच कुशीत घेतलं, तिच्या तोंडावरून पुन्हा पुन्हा हात फिरवला. रेवाची हनुवटी माधुरीसारखी आहे, मी फोटोत पाहिलंय. मग आजी माझ्याकडे वळली आणि पदर सावरून म्हणाली, "बसा न बाई. थकले असान."

मी बसले. अख्खा दिवस बसूनच होते. पाणी खुर्चीवर, चहा खुर्चीवर, तोही कपबशीत. भांड्यांना हात लावायला गेले की शोभामामी धावत यायची, "राहू द्या न, तुम्ही कायले करता?" रात्रीच्या जेवणात पाटोडीचा रस्सा होता, वर बोटभर तर्री. मला वाढताना मामी म्हणाली, "घ्या बिनधास्त, काही तिखट नाही." पहिल्याच घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. रेवाचं नाक गळत होतं, पण तिने ज्वारीची भाकर कुस्करून दुसऱ्यांदा रस्सा घेतला. पुण्यात हीच मुलगी वरणात मिरी सापडली तर ताट सरकवते.

आणि प्रत्येक गोष्टीला परवानगी. रेवाले ताक देऊ का? तनूसंगं दुकानात जाऊ देऊ का? चिंचेवर चढते म्हणते, चढू देऊ का? सगळे माझ्या तोंडाकडे बघत उभे, साहेबाच्या टेबलापुढे उभं राहावं तसे. चिंचेला मी नाही म्हणाले. तनूचा चेहरा पडला, रेवाने मातीत पाय आपटला, आणि आजी "बरं, बरं" म्हणत आत गेली. त्या "बरं, बरं"मध्ये काय होतं ते मला आतून लागलं. रात्री मी नितीनला फोन केला. तो म्हणाला, काही होत नाही.

बांधावर

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मोह वेचायला निघालो. पूर्वी म्हणे अंधारातच जायचे. आता टिपेश्वरच्या जंगलातला वाघ इकडच्या शेतांपर्यंत फिरतो, म्हणून नीट दिसायला लागल्यावर, घोळक्याने आणि मोठमोठ्याने बोलत. कुणीतरी मोबाइलवर गाणी लावली होती. इतक्या पहाटे लग्नाच्या वरातीतली गाणी ऐकत शेतात जायचा हा माझा पहिलाच प्रसंग. पर्यटक म्हणून लोक टिपेश्वरला पैसे भरून जिप्सीत बसतात. आम्ही तिकडे गेलोच नाही. बांधावर वाघ फुकट दिसण्याची शक्यता होती आणि ती मला पुरेशी होती.

मामांच्या बांधावर मोहाची तीन झाडं. प्रत्येक झाड कुणाचं ते ठरलेलं असतं, आणि झाडाखालचा पाला आधीच झाडून जाळून जमीन स्वच्छ केलेली असते. त्या काळ्या मातीवर फिकट पिवळी, द्राक्षाएवढी फुलं रात्रभर पडलेली. अजूनही पडत होती, टप टप. वास इतका गोड आणि जड की सुरुवातीला बरं वाटतं, मग डोकं धरतं.

वेचायचं काम सोपं, पण कंबर मोडणारं. मामी दोन्ही हातांनी वेचायची, वर गप्पा मारायची. मी फुलागणिक वाकत होते आणि मधे मधे ताठ होऊन रेवा कुठे आहे ते बघत होते. ती आणि तनू शर्यत लावून टोपल्या भरत होत्या. वेचता वेचता तोंडातही टाकत होत्या.

"जास्त खाऊ नको, डोस्कं फिरते," तनूने सांगितलं.

रेवाने ऐकलं नसणार. घरी येताना तिने बांधाच्या कडेला उलटी केली, तोंड पुसलं आणि म्हणाली, "उद्या पण यायचं." माझी मात्र पाचावर धारण बसली. ओआरएस पाजलं, कपाळ तीनदा तपासलं. मामी बघत होती.

अंगणात

आता जे झालं ते सांगायला मला अजून लाज वाटते, पण सांगते.

टोपल्या अंगणात ठेवून मामी आत स्वयंपाकाला लागली, आजी शेजारी गेली. पोरी झोपल्या. मी खुर्चीवर. समोर सगळ्यांनी मिळून वेचलेला मोह, आणि त्याला माती लागलेली, काड्या चिकटलेल्या. रेवाची उलटी या मातीनेच झाली असणार, असं माझ्या डोक्यात आलं. शिवाय कालपासून बसून बसून हात शिवशिवत होते. आमच्याकडे बाजारातून द्राक्षं आणली की मिठाच्या पाण्यात घालून मग दुसऱ्या पाण्याने धुतात. मी अंगणातल्या नळाखाली घमेलं लावलं आणि सगळा मोह स्वच्छ दोन पाण्यांनी धुवून काढला. कापडावर नीट पसरला. छान चकचकीत दिसत होता. मला स्वतःचं कौतुक वाटलं.

आजी फाटकातून आली आणि जागच्या जागी थांबली.

"अवो बाई! हे काय करून ठेवलं?"

"धुतला," मी म्हणाले. "माती होती खूप."

"मोहा धुते का कोणी? तुले कोणं सांगतलं? ह्याले पाणी लागलं की झालं, सडते तो! असाच्या असा उन्हात वाळवा लागते. सकाऊनपासून वाकून वाकून सगळ्याइची कंबर मोडली, न तू त्याचा चिखल करून ठेवला!"

आवाज शेजारीपाजारी गेला. दोन बायका कुंपणापाशी आल्या. मामी पिठाच्या हाताने बाहेर धावली आणि सासूला म्हणाली, "अवो आत्याबाई, पाहुण्याले काय बोलून राह्यल्या?"

"कायची पाहुणी?" आजी आणखी चढली. "पाहुणी असती तं खुर्चीवर बसली असती गुपचूप! घे ते चादर. असं नाही, पातळ पातळ पसर. एकावर एक नको पडू देऊ. काहून पाह्यते माह्याकडे? हात चालव."

मी हात चालवला. भर उन्हात आम्ही तिघींनी एकेक फूल वेगळं केलं. आजी पूर्ण वेळ बोलत होती, मला, मोहाला, पुण्याला आणि शिकलेल्या बायकांना. माझे कान तापले होते, आणि तरी मला कसं कोण जाणे, मोकळं वाटत होतं. त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी माझ्याशी खरं बोलत होतं.

मोह काही वाचला नाही. दुपार कलेपर्यंत अंगणात असा वास सुटला की मामांनी फाटकातच गाडी बंद केली आणि विचारलं, "घरी भट्टी लावली का?" मामी तोंडाला पदर लावून आत पळाली. आजीलाही हसू आलं, पण ते तिने माझ्या नजरेला पडू दिलं नाही. ती सगळी घाण गुरांच्या वाटेला न जाता उकिरड्यावर गेली, कारण गुरंही झिंगतात म्हणे.

दुसऱ्या दिवशी खुर्ची अंगणात दिसली नाही. शेजाऱ्यांनी नेली होती. माझ्या हातात खराटा आला, झाडाखालचं झाडायला. आणि रेवा चिंचेवर चढली तेव्हा कुणी मला विचारायला आलं नाही. मी खालून "जपून, जपून" ओरडत होते, तेवढं चालवून घेतलं.

विहिरीवर

इथला दिवसाचा बेत साधा असतो. सकाळ बाहेर, दुपारी दारं लावून झोप, ऊन उतरलं की पुन्हा बाहेर. मुलांना घेऊन कुणाला जायचं असेल तर हे घड्याळ मानावं, नाहीतर ऊन मानायला लावतं. आमच्या संध्याकाळी मग शेतातल्या विहिरीवर जायला लागल्या.

विहीर दगडी बांधणीची, भिंतीतून पुढे आलेल्या पायऱ्या, पाणी बरंच खाली पण भरपूर. मामा पोहायला शिकवतात. या घरातली सगळी मुलं तिथेच शिकली. पहिल्या संध्याकाळी त्यांनी रेवाच्या कमरेला दोर बांधला, ट्रॅक्टरची ट्यूब पाण्यात सोडली आणि तिला अलगद त्यात उतरवलं. तिने किंचाळून किंचाळून विहीर दणाणून सोडली.

"तुही मायबी अशीच रडे," मामा पाण्यातून म्हणाले. "मंग बाहेर निंगाले तयार नाही राहे."

रेवाने ट्यूब धरून मामांकडे बघितलं. "आई इथेच शिकली?"

"इथंच. ह्याच पायरीवरून उडी मारे."

त्यानंतर ती रडली नाही. दुसऱ्या दिवशी ट्यूब सोडून हात मारायला लागली. तिसऱ्या दिवशी तिचा दोर ढिला सुटलेला मला वरून दिसला आणि मी बोंब मारली. मामा म्हणाले, मीच सोडला. माझी ही गत. सांगलीच्या पुराच्या बातम्या बघूनही मला घरात बसून धाप लागते. पोहता मला येत नाही.

काठावर जांभळीच्या सावलीत त्या दिवशी आजी रोडगे भाजत होती. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात खुपसायचे, करपलं वाटलं की काढायचे, झाडून तुपात बुडवायचे, बरोबर वांग्याची झणझणीत भाजी. निखारे उलथता उलथता तिने विचारलं, "तू कायले एवढी भेतं?"

मी खरं ते सांगितलं. म्हणाले, "हिला काही झालं तर लोक मला सोडणार नाहीत, आजी. म्हणतील, सावत्र होती. आणि मी तिला धरून ठेवलं तरी तेच म्हणतील."

आजीने रोडगा उलटा केला. "लोकं मले सोडले का?" ती म्हणाली. "माधुरी गेली तं म्हणे, मायनं लेकीले इतकी दूर देली म्हून मेली. जवळ असती तं वाचली असती म्हणे. माह्या तोंडावर म्हणे. म्या काय केलं? तेरवी झाली न म्या तूर सोंगाले गेली. कोणाकोणाच्या तोंडावर हात ठेवू?"

विहिरीतून पोरींचा दंगा वर येत होता.

"भेव वाटते तं भे," आजी म्हणाली. "कोणती माय भेत नाही? पण पोरीले दाखवू नको." आणि भाजलेला रोडगा तिने माझ्या हातावर ठेवला. हात भाजला. तोही मी दाखवला नाही.

निघायच्या आदल्या संध्याकाळी रेवा सगळ्यांच्या आधी विहिरीत उतरली. दोर नाही, ट्यूब नाही. मामा पाण्यात थांबले, तनू पायरीवर. रेवा माधुरीच्या पायरीवर जाऊन उभी राहिली. पाणी तिच्यापासून पुरुषभर खाली असेल, मला ते पाताळ वाटत होतं. तिने खाली बघितलं, मग मान वर केली. मामांकडे नाही, आजीकडे नाही.

"मावशी, मारू उडी?"

मामा पाण्यात हात हलवत राहिले. नाही म्हणायचे सगळे शब्द माझ्या तोंडात गोळा झाले होते. मला सगळ्यात जास्त काय हवं होतं ते सांगते, ती तिथून उतरून वर यावी आणि आम्ही घरी जावं. पण ती विचारत होती मला. त्या घरातली सगळी माणसं हजर असताना मला.

"मार," मी म्हणाले.

तिने नाक धरलं आणि उडी मारली. पाणी उसळलं आणि मिटलं. मामा तिकडे झेपावले नाहीत, थांबले. माझं डावं मनगट कुणीतरी पिरगाळल्यासारखं आवळलं, त्याकडेही माझं लक्ष नव्हतं. मग पाण्यावर डोकं आलं, सगळे केस तोंडावर, ठसका लागलेला, आणि ठसक्यातूनच ती हसायला लागली. कुत्र्यासारखे हातपाय मारत पायरीपर्यंत गेली.

मी शेजारी बघितलं. आजीने दोन्ही हातांनी माझं मनगट धरून ठेवलं होतं आणि डोळे गच्च मिटले होते. "निंगाली का?" ती पुटपुटत होती. "निंगाली का वर? सांग न वो."

"निघाली, आजी. हसतेय."

तिने डोळे उघडले. माझ्या हातातली काचेची बांगडी वाढली होती, बारीकसं रक्त आलं होतं. आजीने पदराने ते पुसलं, आणि मग आम्ही दोघी काठावर बसून रडलो, चांगल्या मोठ्याने. खालून रेवा ओरडली, "मावशी, पुन्हा मारू?"

निघताना आजी आमच्याबरोबर ऑटोत बसून पांढरकवड्याला आली. बसला वेळ होता. तिने मला बाजारातल्या बांगड्यांच्या दुकानात नेलं, मी नको नको म्हणत असताना. रेवा दारात तनूने दिलेलं बोरकूट खात उभी होती. दुकानातल्या बाईने माझा हात हातात घेऊन पंजा दाबून बघितला आणि आजीला विचारलं, "कोण होय ह्या?"

आजी हिरव्या बांगड्या उजेडात धरून बघत होती. तिने मान वर केली नाही.

"रेवाची माय हाय," ती म्हणाली. "जाड पाहून भर. इले पोरीच्या मागं धावा लागते."

बाईने पातळ बांगड्यांचा डबा बाजूला सारला आणि जाड काढल्या.